चुडाव्याची परभणीतली खोली

ज्ञानेश्वरीला परभणीत ट्रॅक्टरच्या शोरूमवर हिशेबाची नोकरी लागली आणि दुसऱ्याच दिवशी चुडाव्यात तिच्या घरासमोरच्या लिंबाखाली बैठक भरली. विषय एकच, पोरीनं परभणीत खोली कुठं करावी. या बैठकीला ज्ञानेश्वरीला मात्र कुणी बोलावलं नव्हतं. ती चहाचा ट्रे घेऊन आली, एवढाच काय तो तिचा संबंध.

"खोली कोर्टाजवळ करा," शेजारचे तात्याराव म्हणाले. त्यांचा बांधाचा दावा त्यांच्या काळ्या मिशांपासून पांढऱ्या मिशांपर्यंत चालत आला होता. "माझी तारीख असली की सकाळच्या गाडीचा भरवसा न्हाई. आदल्या दिशी पोरीकडं जाऊन पडलं की फिकीर मिटली."

"कोर्टात काय ठिवलंय?" गोपाळकाका म्हणाला. हा ज्ञानेश्वरीच्या वडलांचा धाकटा भाऊ, एकाच घरात राहणारा. "माझ्या डोळ्याचं आपरेशन हाय. खोली सरकारी दवाखान्याला लागून पायजे."

"तुमी दोघं आपापलंच बगायलाव," वडील वैजीनाथ समजूतदारपणे म्हणाले. "खोली स्टेशनजवळ बरी. कुणाचं कुठं बी काम असो, उतरायचं तर तिथंच."

ज्ञानेश्वरीनं ट्रे दाणकन खाली ठेवला. "आन् माझं शोरूम कुठंय, हे इचारलं का कुणी?"

"तुझं काय गं," तात्याराव म्हणाले, "तू रिक्षानं जाशील."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हा राग आजचा नव्हता. दोन खोल्यांच्या घरात आईबाप, काका-काकू, त्यांची लेकरं आणि येणारे-जाणारे अशा गर्दीत ती वाढली होती. परीक्षेच्या दिवसांत चुडाव्याच्या स्टेशनातल्या बाकावर बसून तिनं बी.कॉम. केलं, कारण घरात पुस्तक उघडलं की कुणीतरी लेकरू मांडीवर आणून ठेवी. उभ्या जन्मात तिनं एक दार आतून लावून घेतलं नव्हतं. बाकीच्या पोरींनी पहिल्या पगारात मोबाईल घ्यायचं ठरवलं असेल, हिनं कडी ठरवली होती. दाराला आतून कडी आणि त्या दारामागं ती एकटी.

आणि हे लोक त्या कडीमागं गावाची धर्मशाळा करायला निघाले होते.

तिनं मनाशी पक्कं केलं, की खोली अशा जागी घ्यायची की तिकडं कुणाचं काम म्हणून निघू नये. नोकरीवर रुजू व्हायच्या आधी ती एकटीच परभणीला गेली आणि उन्हात पायाचे तुकडे पडेस्तोवर हिंडली. चांगल्या खोल्या तिनं पटापट नाकारल्या. एका घरमालकानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "हवा लय छान येती, आन् गच्ची तुमच्याच वापरात." हवा आणि गच्ची म्हणजे उन्हाळ्यात निम्मा गाव, हा हिशेब तिला लगेच कळला. "मग नको," म्हणून ती चालू लागली. तो बिचारा बघतच राहिला.

शेवटी वसमत रोडच्या बाजूला, कोर्टापासून लांब, दवाखान्यापासून लांब आणि स्टेशनपासून तर फारच लांब, अशी एक खोली तिला सापडली. खोली तापायची. वर जायचा लोखंडी जिना इतका उभा होता की म्हाताऱ्या माणसानं खालूनच नमस्कार करावा. ज्ञानेश्वरीला तो जिना बघताक्षणी आवडला. आणि त्याहून आवडली घरमालकीण. केशरबाई नावाची ती विधवा बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एक सांगून ठिवते. पाव्हणे चालणार न्हाईत."

"आईवडील आले तर?" ज्ञानेश्वरीनं खात्री करून घेतली.

"दारातून बोलून जातील."

ज्ञानेश्वरीला त्या माउलीचे पाय धरावेसे वाटले. तिनं तिथंच भाडं देऊन टाकलं.

चूक झाली ती सामान पोचवायच्या दिवशी. ज्ञानेश्वरीनं आईला, गोजरबाईला, बरोबर येऊ दिलं. गॅसची टाकी आणि पिठाचा डबा एकटीनं त्या जिन्यावरून चढवणं जमत नव्हतं, म्हणून. केशरबाईनं रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या दिला आणि गोजरबाईनं रीतीप्रमाणे विचारलं, "माहेर कोणतं म्हणायचं तुमचं?"

आपल्याकडं दोन बायका भेटल्या आणि एकीनं हे विचारलं, की पुढचं देवाच्या हातात असतं. केशरबाईचं माहेर पूर्णेकडचं, म्हणजे चुडाव्याच्याच बाजूचं निघालं. मग भावकी निघाली, मग जावा निघाल्या, मग केशरबाईच्या आत्याच्या दिराची सून ही गोजरबाईच्या मावशीची लेक असल्याचं निघालं. ती मावशी वारल्याचं केशरबाईला ठाऊक नव्हतं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. ज्ञानेश्वरी गॅसची टाकी पोटाशी धरून जिन्याच्या मध्यावर उभी होती.

"काकू, टाकी कुठं ठेवू?" तिनं विचारलं.

"काकू कामून म्हणतीस माय?" केशरबाई डोळे पुसत म्हणाली. "मावशी म्हण."

ज्ञानेश्वरीला हातातली टाकी एकदम दुप्पट जड झाली.

पहिल्याच आठवड्यात तात्याराव तारखेला आले. कोर्ट लांब असल्याची त्यांची काही तक्रार नव्हती. "रिक्षा हायेत की," ते म्हणाले आणि तिच्या खाटेवर आडवे झाले. ज्ञानेश्वरी तडक खाली गेली.

"मावशी, पाव्हणे चालत न्हाईत म्हणलाव न्हवं तुमी?"

"न्हाईतच चालत," केशरबाई ठामपणे म्हणाली. "मी काय आजबी चालू देते का?"

"मग वर तात्याराव कसे?"

"ते कुठं पाव्हणे? ते तर घरचे हायेत. माझ्या माहेराकडचे."

तात्यारावांच्या मागून गोपाळकाका आला, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून, काकू आणि दोन लेकरांसकट. ज्ञानेश्वरीनं कामावर जाताना दाराला खोलीबरोबर मिळालेलं मोठं कुलूप घातलं. संध्याकाळी येते तो कुलूप काढून खिडकीत ठेवलेलं आणि गोपाळकाका खाटेवर. केशरबाईकडं दुसरी किल्ली होतीच. "उन्हात कुठं उभं ठिवू आजारी माणसाला?" हे तिचं म्हणणं. रात्री ज्ञानेश्वरी कडी लावायला उठली तर काका कण्हत म्हणाला, "दार लावू नको गं पोरी. डोळ्याला गार वारं बरं वाटायलंय."

ती उघड्या दाराशी, जमिनीवर, लेकरांच्या लाथा खात झोपली. शोरूमवर तिची बेरीज चुकायला लागली आणि मॅनेजर तिच्याकडं टक लावून बघू लागला. आपल्या खोलीचं भाडं आपण भरतो आणि झोपायला आपल्यालाच जागा मागावी लागते, हे आठवून ती तीच बेरीज पुन्हा चुकायची.

तरी तिला धीर होता. डोळ्याची पट्टी निघेल, तारीख लांबणीवर पडेल आणि एक दिवस दार लागेल. मग मे महिना आला, आणि मे महिन्यात कृषी विद्यापीठाचा बियाण्याचा मेळावा असतो. ज्याला मनासारखं बियाणं पाहिजे त्यानं उजाडायच्या आत रांगेत उभं राहावं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. ज्ञानेश्वरीनं खोली बघताना कोर्ट मोजलं, दवाखाना मोजला, स्टेशन मोजलं. शेतकऱ्याची लेक असून विद्यापीठ मोजायचं तेवढं विसरली. ते तिच्या खोलीपासून पायी जाण्याच्या अंतरावर होतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी शनिवार होता. शोरूममधून लवकर सुटून ती आली, तर तो लाडका जिना खालपासून वरपर्यंत चपलांनी भरला होता. खोलीत गोजरबाई पिठलं हाटत होती. गोपाळकाकाच्या लेकरांनी तिच्या उशीचा ट्रॅक्टर केला होता. सुट्टी म्हणून भावकीतली झाडून सगळी लेकरंही परभणी बघायला आली होती. खाटेवर तात्याराव आणि वैजीनाथ पाय पसरून बसले होते. तिला बघताच वैजीनाथांचा ऊर भरून आला.

"ये ज्ञानू. मी आत्ताच सगळ्यांला म्हणलो, पोरगी आपल्या सगळ्यांवून हुशार. कुणी म्हणलं कोर्ट, कुणी दवाखाना, मीबी येड्यावानी स्टेशन म्हणलो. हिनं बरोब्बर मेळाव्याच्या दारात खोली धरली. बोलली न्हाई, करून दावलं."

"आजच्या दिस तू खाली केशरमावशीकडं नीज," गोजरबाई म्हणाली, आणि जरा विचार करून पुढं म्हणाली, "पण खालीबी भरलंय म्हणा."

मग ज्ञानेश्वरी फुटली.

"ही खोली माझी हाय," ती म्हणाली. आवाज इतका चढला की खालच्या मजल्यावरची भांडी थांबली. "भाडं मी भरते. मी ही तापलेली खोली कामून घेतली, ठाव हाय का? तुमी येऊ न्हाई म्हणून. तो जिना मी तुमच्यासाठी बगितला. मला घरात कधी कोपरा घावला न्हाई, मी स्टेशनावर बसून अभ्यास केला, तवा कुणाला वाटलं न्हाई पोरीला जागा पायजे. आता मपल्या पैशानं एक दार घेतलं तर ते बी लावू देईनात. मला तुमी कुणी नको. एक रात नको."

लेकरांनी उशी हळूच जागेवर ठेवली. वैजीनाथांनी तात्यारावांकडं बघितलं, तात्यारावांनी गोपाळकाकाकडं.

"भुकेजली असंल," गोपाळकाका म्हणाला.

"ऊन बी लय हाय," तात्यारावांनी दुजोरा दिला. "पोरीच्या जातीला सोसत न्हाई."

ज्ञानेश्वरीनं पिशवीत दोन कपडे कोंबले आणि चपलांच्या ढिगातून आपली चप्पल हुडकत जिना उतरली. आता तरी कुणी "थांब" म्हणेल, आता तरी कुणाला शरम वाटेल, असं तिला वाटलं. वरून तात्यारावांचा आवाज आला, गहिवरलेला.

"बगा. पोरगी गावाकडं निघाली. आमाला जागा व्हावी म्हणून. आजकाल कोण करतंय एवढं?"

स्टेशनपर्यंत ती रिक्षात दात-ओठ खात बसली. गाडीत खाल्ले आणि दिवेलागणीला चुडाव्यात उतरली तेव्हाही खातच होती. गावात शिरल्यावर मात्र तिचे पाय मंदावले. लिंबाखाली कुणी नव्हतं. तात्यारावांच्या दाराला कुलूप होतं. म्हातारीकोतारी माणसं ओसरीवर डुलक्या घेत होती, बाकी आळी सुनी. तिनं चौकटीवरची किल्ली काढली आणि आत गेली.

घरात कुणी म्हणजे कुणी नव्हतं. काकूचा आवाज नाही, लेकरांची रडारड नाही, पाणी मागणारं कुणी नाही. ज्ञानेश्वरी मधोमध थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग तिनं दार पुढं लोटलं आणि आतून कडी घातली. कडी गंजली होती, कारण ती कधी कुणी लावलीच नव्हती. ती खाटेवर आडवी न पडता तिरकी पडली, हातपाय चारी दिशांना सोडून. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही, बघायला कोण होतं?

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं गलका होता आणि गलक्यातून वैजीनाथ ओरडत होते.

"पोचलीस का गं? घरी कुणी न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मग नीज निवांत. मी तुझ्या मायला तेच म्हणायलोय, पोरीनं परभणीत खोली केली ते लय बेस केलं. खोली केली नसती तर आज सारं घर एकटीला घावलं असतं का?"

ज्ञानेश्वरीनं तोंड उघडलं. वाटेत जमवलेले सगळे शब्द जिभेवर हजर होते. पण बाप खोटं बोलत नव्हता. परभणीत भाडं भरलं तेव्हा कुठं तिला चुडाव्यातलं स्वतःचं घर मिळालं होतं, आणि तेही एका रात्रीपुरतं. याचा तिला असा संताप आला की तिनं फोन बंद केला आणि उशी समोरच्या भिंतीवर हाणली.

मग ती उठली, उशी झटकून डोक्याखाली घेतली आणि डोळे मिटले. रागवत बसायला वेळ नव्हता. उद्या दुपारच्या गाडीनं बियाण्याच्या पिशव्या घेऊन सगळे परत येणार होते.