सांत्वन निधीचे अवलंबित

तुळजापूरचे गोपाळकृष्ण हे सूतगिरणीच्या हजेरी विभागात कारकून होते आणि ते रीतसर वारले. रीतसर अशासाठी, की गिरणीच्या निवृत्ती व सांत्वन निधीच्या नियमानुसार सभासद नोकरीत असताना वारला तरच त्याच्या माघारी भरघोस रक्कम मिळे. निवृत्त होऊन वारणाऱ्याच्या घरच्यांना नुसता दुखवट्याचा ठराव मिळे. गोपाळकृष्ण निवृत्तीच्या तोंडावर गेले. आयुष्यात त्यांनी वेळेवर केलेलं हे बहुधा पहिलंच काम, असं गिरणीतल्या सहकाऱ्यांनी शोकसभेत मोठ्या आदरानं सांगितलं.

त्यांच्या पत्नी शामलाबाई बसस्थानकाच्या रस्त्याला खानावळ चालवत. सोलापूरकडून देवीला येणाऱ्या भाविकांपासून तालुक्याच्या कचेरीतल्या बाबूंपर्यंत सगळे तिथं भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन तृप्त होत. जागा मात्र भाड्याची. मालकानं ती विकायला काढली होती आणि दसऱ्यापर्यंत घेतलीत तर पहिला हक्क तुमचा, नाहीतर एक लॉजवाला तयारच आहे, असं बजावलं होतं. निधीची रक्कम आली की जागा घ्यायची, असं शामलाबाईंनी मनाशी ठरवलं. अर्जावर नवऱ्यानं वारस म्हणून त्यांचंच नाव घातलं होतं. त्यामुळं त्या निर्धास्त होत्या. कायद्याचा अनुभव नसलेली माणसं अशीच निर्धास्त असतात.

निधीचा निरीक्षक श्रीशैल चौकशीला आला तो ऐन जेवणाच्या वेळेला. तुळजापूरचं काम त्याच्याकडं असल्यानं तो एरवीही तिथंच जेवत असे.

"काकू, आज मी कार्यालय म्हणून आलोय," तो म्हणाला. "पण आधी जेवून घेतो. मग कार्यालय होतो."

जेवून, हात धुऊन, बडीशेप तोंडात टाकून तो कार्यालय झाला. त्यानं समजावून सांगितलं, की वारस म्हणून नाव घालणं ही सभासदाची इच्छा झाली. निधी इच्छेवर चालत नाही, वस्तुस्थितीवर चालतो. नव्या नियमानं रक्कम मयतावर अवलंबून असलेल्यांनाच वाटायची. जो जितका अवलंबून, त्याला तितकी.

"मी बायको हाय की त्यांची," शामलाबाई म्हणाल्या.

"बायको असणं हे नातं झालं काकू. अवलंबन वेगळं. यजमान तुम्हाला दरमहा किती द्यायचे?"

"द्यायचे कुठं? पगार झाला की धाकट्या भावाला पाठवायचे, मग पानटपरीचं भागवायचे. पंधरवडा उलटला की पेट्रोलला माझ्याकडं मागायचे."

"तुम्ही दिल्याचा पुरावा?"

"मी फोनवरनं टाकायचे की. सगळं हाय त्यात."

श्रीशैलनं फोन पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. माणूस सज्जन होता. "काकू, अडचण झाली. कागदावर तुम्ही त्यांच्यावर अवलंबून नव्हता. ते तुमच्यावर अवलंबून होते."

"मग?"

"मग इथं अवलंबित असे एकटे तेच. रक्कम त्यांनाच द्यावी लागेल. पण त्यासाठी त्यांचा हयातीचा दाखला लागतो."

भाकऱ्या थापणारी पार्वतम्मा चुलीपासून म्हणाली, "अक्का, नवरा पगार घरात देत न्हाय म्हणून जन्मभर लपवलंस. आता लपवलंस तेच महागात पडलं बघ."

शामलाबाईंना पहिल्यांदाच नवऱ्याचा खरोखर राग आला. जिवंतपणी यायला हवा होता, पण तेव्हा गिऱ्हाइकांची गडबड असायची.

हयातीचा दाखला मिळण्यासारखा नसल्यानं निधीनं वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली: मयतावर अवलंबून असणाऱ्या इसमांनी पुराव्यासह अर्ज करावेत. सूचना सर्वांत आधी वाचली ती धाकट्या दिरानं, रणधीरनं. रणधीर हा स्वावलंबन युवा प्रतिष्ठानचा संस्थापक अध्यक्ष. चौकाचौकांत त्याचे हात जोडलेले फलक होते. त्याचा पुरावा बिनतोड निघाला. भावाच्या खात्यातून दरमहा, पगाराच्याच दिवशी, न चुकता त्याला पैसे आले होते. माणूस किती नियमित फुकट खातो, याची इतकी स्वच्छ नोंद निधीच्या कार्यालयानं आजवर पाहिली नव्हती.

पुण्याला मोठ्या कंपनीत असलेल्या मुलानं, शंतनूनंही अर्ज केला. शून्यातून स्वतःला घडवलं, असं तो समाजमाध्यमांवर अधूनमधून लिहीत असे. अर्जात त्यानं लिहिलं, की आपल्या पुण्यातल्या घराचा हप्ता वडील भरत, सबब आपण अद्याप शून्यातच आहोत. पानटपरीवाल्यानंही अर्ज दिला. मयत गेल्यापासून त्याचा धंदा बसला होता.

"पोरा, हप्ता मी भरत होते रे," शामलाबाई फोनवर म्हणाल्या.

"माहितेय आई. पण तू बाबांच्या खात्यात टाकायचीस ना? तिथनं पुढं तो बाबांचाच झाला. भावनेचा प्रश्न नाही, प्रक्रिया आहे."

शेवटी श्रीशैललाच दया आली. त्यानं हळू आवाजात सल्ला दिला: सुनावणीपर्यंत खानावळ बंद ठेवा, उत्पन्न शून्य दाखवा, म्हणजे मला अहवालात 'निराधार' असं लिहिता येईल. शामलाबाईंनी दाराला कुलूप घातलं आणि पायरीवर निराधार बसून राहिल्या. ते काम त्यांना जमेना. हात उगाच पदराशी चाळा करत. भाविक येत, कुलूप बघत आणि पुढच्या हॉटेलात जात. प्रत्येक पाठमोरं गिऱ्हाईक त्या बोटांवर मोजत.

"निराधार व्हायला लई ताकद लागती गं," त्या पार्वतम्माला म्हणाल्या.

पण कुलपाचा त्रास त्यांच्यापेक्षा इतरांनाच जास्त झाला. रणधीर आणि त्याचे स्वावलंबी कार्यकर्ते दुपारी सवयीनं आले आणि दाराला हात लावून परत गेले. शंतनूचा फोन आला, की या महिन्याचा हप्ता गेला नाही, बँकवाले विचारतायत. श्रीशैल स्वतः पाहणीला आला. कुलूप पाहून त्याला निरीक्षक म्हणून समाधान वाटलं आणि माणूस म्हणून चक्कर आली. त्या दिवशी त्यानं केळ्यांवर भागवलं.

सुनावणी धाराशिवला झाली. समितीवर तीन सदस्य आणि मधोमध अध्यक्ष. रणधीरनं आपली मोठी गाडी दोन गल्ल्या अलीकडं उभी केली होती, दाढी वाढवली होती आणि एका कार्यकर्त्याचा विटका सदरा घातला होता. शंतनू पुण्याहून एसटीनं आला होता आणि तिकीट सगळ्यांना दिसेल असं वरच्या खिशात ठेवलं होतं. लग्नाच्या पंगतीत माणसं जशी आपापली श्रीमंती मिरवतात, तशी त्या व्हरांड्यात प्रत्येकजण आपली लाचारी मिरवत होता.

"साहेब, मी आजही स्वतःच्या पायावर उभा नाही," शंतनू स्वच्छ उच्चारात म्हणाला.

"माझे तर पायच नव्हते साहेब, दादा होते," रणधीर म्हणाला. त्याला वाटलं, पुतण्या पुढं चालला. म्हणून त्यानं आणखी रेटलं. "आणि आता तर वहिनींनी खानावळ बंद केली. दोन वेळची भाकरपण गेली."

अध्यक्षांनी लेखणी थांबवली. "भाकर कोण घालत होतं?"

"वहिनी."

"आणि हप्त्याचे पैसे मयताच्या खात्यात कुठून येत?" त्यांनी शंतनूला विचारलं. त्यानं आईकडं बघून न बघितल्यासारखं केलं. अध्यक्षांनी निरीक्षकाकडं पाहिलं. श्रीशैल खरं बोलणाऱ्यांपैकी होता. "साहेब, माझंही जेवण तिथंच होतं," तो म्हणाला.

समिती आत गेली. चहा झाला, पुन्हा चहा झाला आणि निर्णय बाहेर आला. तो वाचायला अध्यक्षांनी चष्मा बदलला.

"सर्व अर्जदार मयतावर अवलंबून होते, हे सिद्ध होते. मयत श्रीमती शामला यांच्यावर अवलंबून होते, हेही सिद्ध होते. सबब सर्व अर्जदार अंतिमतः श्रीमती शामला यांच्यावरच अवलंबून आहेत. निधीचा लाभ पोशिंद्याच्या मृत्यूनंतर देय असतो. प्रस्तुत प्रकरणी पोशिंद्याचा मृत्यू अद्याप झालेला नाही. सबब रक्कम निधीत सुरक्षित ठेवावी आणि श्रीमती शामला यांच्या निधनानंतर, त्या दिवशी जे त्यांच्यावर अवलंबून असतील, त्यांच्यात वाटावी. निर्णयाविरुद्ध श्रीमती शामला यांना आपल्या निधनापासून तीस दिवसांत अपील करता येईल."

शामलाबाई कार्यालयाच्या जिन्यात बसल्या. जागा गेली, एवढंच त्यांना कळलं. तीस वर्षं ज्या चुलीपुढं उभं राहून सगळ्यांना पोसलं, ती चूल आता लॉजवाल्याच्या पायऱ्यांखाली जाणार होती. रडू आलं नाही. रडायलाही कुणावर तरी अवलंबून असावं लागतं.

परतीच्या वाटेवर मात्र चमत्कार घडू लागले. रणधीरनं लपवलेली गाडी काढली आणि वहिनींना पुढं बसवलं. शंतनूनं न सांगता पाण्याची बाटली आणली. घाट लागला तेव्हा रणधीर गाडी हळू करून म्हणाला, "वहिनी, बीपीबिपी कधी तपासता का?"

"डोळे पण तपासायला हवेत आई," शंतनू घाईनं म्हणाला. त्या घाईत तो दुसऱ्यांदा शून्यातून घडत होता.

शामलाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. खानावळीचा हिशोब तोंडी करणाऱ्या बाईला निर्णयातली मेख कळायला घाट पुरला.

घरी चहा ठेवून त्या म्हणाल्या, "रणधीरभाऊजी, निकालात काय म्हणालं? मी मरंन त्या दिवशी जे माझ्यावर अवलंबून असतील त्यांना, व्हय ना?"

"व्हय वहिनी. पण असं अभद्र कशाला बोलायचं."

"माझं पोट खानावळीवर. खानावळ त्या जागेवर. दसऱ्याला जागा लॉजवाल्याकडं गेली की मी कुणाला पोसणार न्हाय. मी पोसलं न्हाय, तर तुम्ही अवलंबित कसे ठरणार? तुम्ही सगळे मग स्वावलंबीच की."

स्वावलंबनाच्या कल्पनेनं दोघांचेही चेहरे उतरले होते.

रणधीरनं गाडी विकली. शंतनूनं कंपनीकडून कर्ज उचललं. जागा शामलाबाईंच्या नावावर झाली. "तुमचंपण नाव घालू का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा काका-पुतण्यांनी एका सुरात नको म्हटलं, कारण पोशिंद्याच्या मालमत्तेत वाटा असलेला माणूस अवलंबित ठरत नाही, असं श्रीशैलनं त्यांना सांगून ठेवलं होतं. पार्वतम्माचा पगार वाढला. खानावळीवर नवा पत्रा चढला.

आता रणधीर रोज तिथंच जेवतो आणि जेवल्याची पावती मागून घेतो. शंतनू महिन्याआड येतो आणि आईच्या हातून पैसे घेताना फोटो काढतो. दोघंही सकाळ-संध्याकाळ फोन करतात. "तब्येत कशी आहे?" असं विचारतात. शामलाबाई "ठणठणीत" म्हणतात. पलीकडं जरा शांतता पसरते, आणि मग "वा, वा" असा आवाज येतो.

वाचकांनी या दोघांना हसायला हरकत नाही. फक्त हसून झाल्यावर, घरच्या थोरल्या माणसाला आपण शेवटचा फोन केला तेव्हा तब्येत विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न कोणता विचारला होता, तेवढं आठवून पाहावं. आठवत नसेल तर त्यांनाच विचारावं. त्यांच्या तो पक्का लक्षात असतो.