सबनीसकाका आणि पहिल्या युद्धातले सुतार

सिंगापूरमध्ये सेरंगूनच्या आमच्या ब्लॉकमध्ये सबनीसकाका पहिल्यांदा भेटले ते लिफ्टमध्ये. ओळखदेख नाही, आणि एकदम म्हणाले, "फार वाईट झालं हो. एका सकाळी सगळ्या ऑर्डरी रद्द."

मी हळहळलो. "मग आता काय करताहेत?"

"काय करणार? पुन्हा पियानोच बनवायला लागले."

लिफ्ट उघडली, काका गेले. शेजारच्या निखिलचे हे वडील, वर्षभरापूर्वी पुण्याहून आलेले, एवढं मला ठाऊक होतं. पण निखिल तर सॉफ्टवेअरमध्ये. पियानो कोण बनवतंय?

हळूहळू उलगडा झाला. म्हणजे थोडासाच. पहिल्या महायुद्धात विमानं लाकडाची आणि कापडाची असत, आणि ती घाईघाईने हवी होती. मग खुर्च्या, होड्या, पियानो बनवणारे कारखानदार विमानं जोडू लागले. पंखांचं कापड बायका शिवायच्या. युद्ध संपलं आणि सगळे एका फटक्यात रिकामे झाले. काकांना हे जिवाला लागलेलं.

"आपल्या माणसांनी जायचं कुठे?" ते विचारत.

"आपली म्हणजे? पुण्याची?"

"छे! इंग्लंडची."

एकदा खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांवर, ते असेच हळवे झाले, तेव्हा त्यांची नात इरा नूडल्स खाता खाता म्हणाली, "आजोबा, दॅट वॉर फिनिश ऑलरेडी लाह!"

"युद्ध संपलं गं," काका म्हणाले. "पण त्या शिवणाऱ्या बायका घरी गेल्या, त्यांना कुणी विचारलं, जेवलात का म्हणून?"

आमच्याच टेबलाशी बसलेल्या एका अनोळखी चिनी आजोबांनी सहानुभूतीने मान हलवली. त्यांना मराठी येत नव्हतं.

मागच्या महिन्यात निखिलची नोकरी गेली. दुसरी लवकर मिळाली नाही, तर नोकरीवर मिळालेला इथे राहण्याचा पास जाणार आणि देशही सोडावा लागणार. मी दुसऱ्याच दिवशी दुपारी भेटायला गेलो. मनात धाकधूक, आता काका पियानोवाल्यांचा दाखला देणार आणि निखिल आणखी खचणार.

काकांनी दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवून. आत सोफ्यावर निखिल गाढ झोपला होता. काका जाऊन त्याच्या पायांशी बसले, त्याचे पाय मांडीवर घेतले आणि चेपू लागले. चेहरा असा, की हे दुःखात आहेत की आनंदात, मला कळेना.

"होईल सगळं नीट, काका," मी कुजबुजलो.

"होईल हो," ते म्हणाले. "मी इथे आल्यापासून आज पहिल्यांदा दुपारचा घरात आहे तो. झोपू दे त्याला."