एक लिटर शुद्ध पाणी

शनिवारी दुपारी शाळेतून घरी आल्यावर सर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि ओट्यावरची बाटली बघून त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. बाटली रिकामी होती. वर त्यांनीच स्वतःच्या वळणदार अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी मात्र जागच्या जागी होती : ‘शुद्ध पाणी. पिऊ नये.’

सर गेली बावीस वर्षं नववीला जीवशास्त्र शिकवत होते, आणि वर्गात प्रयोग फसण्याची त्यांना इतकी धास्ती होती, की प्रत्येक प्रयोगाची ते आधी घरी रंगीत तालीम करत. सोमवारी कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग होता. पापुद्रा शुद्ध पाण्यात ठेवला की त्याच्या पेशी पाणी ओढून टम्म फुगतात. मिठाच्या पाण्यात ठेवला की आतलं पाणी बाहेर जातं आणि त्या अंग चोरून बसतात. त्यासाठी त्यांनी शाळेतून लिटरभर डिस्टिल्ड वॉटर आणून ठेवलं होतं. मीठ घरात होतंच, पण ते कपड्यांच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, लोकरीच्या टोप्यांच्या मागे होतं. कारण महिनाभरासाठी सासरे राहायला आलेले होते, त्यांना रक्तदाब होता, आणि सरांच्या बायकोनं जाहीर केलं होतं, “बाबांच्या पोटात मिठाचा वरून एक कण गेला, तर जबाबदार तुम्ही.”

सासरे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, शेजारी भरलेली बॅग. उद्या सकाळच्या गाडीनं ते आपल्या गावी परतणार होते. त्यांनी कोर्टात चौतीस वर्षं कारकुनी केली होती, आणि हजारो साक्षीदारांची फजिती बघून आयुष्याचा एकच धडा घेतला होता : विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यावं.

“बाबा, ओट्यावरच्या बाटलीतलं पाणी?” सरांनी विचारलं.

“संपलं.”

“सगळं?”

“सगळं.”

“कधी?”

“आत्ताच. तासभर झाला असेल.”

म्हणजे सासरे ते सगळं प्यायले होते! कांद्याच्या पेशीला बाहेरून भिंत असते, म्हणून ती फुगून थांबते. रक्ताच्या तांबड्या पेशीला भिंत नसते. ती शुद्ध पाण्यात पडली की फुगते, फुगते आणि फुटते. ही आकृती ते दर वर्षी लाल खडूनं फळ्यावर काढत, आणि ‘फुटते’ म्हणताना टाळी वाजवत. मुलांना ती टाळी फार आवडे. आता तीच टाळी त्यांना सासऱ्यांच्या अंगात ठिकठिकाणी ऐकू येऊ लागली.

त्यांनी नीट निरखून पाहिलं. सासऱ्यांचा चेहरा लालबुंद होता. कपाळावर घाम होता. श्वासही जरा जोरात चालला होता.

“बाबा, तुम्हाला कसं वाटतंय?”

“दमल्यासारखं. जरा पाणी देता का, जावईबापू?”

“पाणी नको!” सर किंचाळले. “आता थेंबसुद्धा नको! माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असतं बाबा, त्यात आणखी भर नको!”

“असं? निम्म्याहून जास्त?” सासरे म्हणाले. ही माहिती त्यांना नवीन होती. त्यांनी ती लक्षात ठेवली.

सर आत पळाले. बायको कामावर होती आणि पाचला येणार होती. तिला फोन करावा? काय सांगावं? ‘तुझे वडील आतून फुटतायत, पण तू सावकाश ये’? अकरा वर्षांच्या संसारात तिनं पहिल्यांदाच वडिलांना विश्वासानं त्यांच्या हवाली केलं होतं. सर खरोखरच घाबरले होते. आणि त्या भीतीतच त्यांना उपाय सुचला. आत पाणी जास्त झालं असेल, तर बाहेर ओढून काढायचं. पाणी कशानं ओढलं जातं? मिठानं!

ते स्टुलावर चढले, टोप्या खाली पाडल्या आणि डबा काढला. दोन उकडलेली अंडी कापली, त्यांवर सढळ हातानं मीठ पेरलं आणि बशी सासऱ्यांपुढे धरली.

सासऱ्यांनी बशीकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. मग पुन्हा बशीकडे.

“हे मीठ आहे?”

“औषध म्हणून समजा. पण खा. लवकर.”

“औषधाला नाही कसं म्हणायचं?” असं म्हणून त्यांनी पहिला तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. सरांना हायसं वाटलं. पाणी बाहेर पडायला सुरुवात झाली होती.

“आता कसं वाटतंय?”

“जरासा फरक आहे. पण अजून पूर्ण गुण नाही.”

सरांनी काकडी कापून आणली. मग टोमॅटो. मग उकडलेला बटाटा. दर बशीमागे सासऱ्यांना थोडा थोडा गुण येत होता, पण पूर्ण काही येत नव्हता. रिकामी झालेली चौथी बशी परत नेताना सरांना एकदम रक्तदाब आठवला, आणि ते दारातच थिजले. मीठ पाणी ओढतं, म्हणजे ते रक्तातही ओढणार! पेशी वाचवता वाचवता त्यांनी धमन्या पणाला लावल्या होत्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

त्यांनी रक्तदाबाचं यंत्र आणलं. पट्टा त्यांना काही केल्या नीट लावता येईना, शेवटी तो सासऱ्यांनीच गुंडाळून घेतला. आकडा आला एकशे चौतीस.

“शक्यच नाही,” सर म्हणाले. “यंत्र बिघडलंय.” खात्री करायला त्यांनी पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. आकडा आला एकशे ब्याऐंशी.

“जावईबापू, तुम्ही मीठ कमी करा,” सासरे काळजीनं म्हणाले.

शेवटी सरांनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी.

“अगं, सासऱ्यांच्या तांबड्या पेशी फुटतायत!”

“कोण म्हणालं, सर?”

“मीच! म्हणजे पुस्तक! लिटरभर डिस्टिल्ड वॉटर गेलंय!”

“शिरेतून?”

“नाही गं, तोंडातून.”

पलीकडे काहीतरी खुदकलं. बाईंनी फोनवर हात ठेवला असावा. “सर, फळ्यावरची पेशी थेट पाण्यात पडली होती. पोटात गेलेलं पाणी आधी तिथल्या सगळ्यात मिसळतं, मग हळूहळू रक्तात उतरतं, आणि जास्तीचं मूत्रपिंडं बाहेर काढतात. लिटरभरानं काही होत नाही. फक्त घाबरून त्यांना मीठबीठ देऊ नका.”

“दिलं.”

“किती?”

सरांनी ओट्यावरच्या चार बशा मोजल्या आणि आवाज खाली आणून आकडा सांगितला.

“सर!” बाई वर्गात सर ओरडत तशा ओरडल्या. “त्यांना पाणी प्यायला द्या आणि आत्ता दवाखान्यात आणा, मी तपासते!”

बाईंनी तपासलं, पुन्हा तपासलं, धोका नाही म्हणाल्या, आणि दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं. दोघं घरी परतले तेव्हा दारात सरांची बायको उभी होती. एका हातात मिठाचा डबा, दुसऱ्या हातात लोकरीची टोपी. सरांनी काहीही न लपवता, एका दमात सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, “मला वाटलं, तुझे बाबा माझ्या हातून जातायत.” त्यांचा आवाज खरोखरच फुटला होता.

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या टेबलावर गेली. “आणि ही वाफेची इस्त्री कोणी काढली? आत पाणी आहे अजून.”

“मी,” सासरे म्हणाले. “बॅग भरायची होती. सात शर्ट केले, चार पँटी केल्या. नळाच्या पाण्यानं इस्त्रीला क्षार धरतात. ते बाटलीतलं शुद्ध होतं, वर लिहिलंच होतं.”

लालबुंद चेहरा, घाम, दमलेला श्वास, सगळं सरांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेलं.

“बाबा! मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं, पाणी कुठे? मी म्हटलं, संपलं. कोण प्यायलं, असं तुम्ही विचारलंच नाहीत.” सासऱ्यांनी घसा साफ केला. “आणि मग तुम्ही ती अंडी आणलीत. चार वर्षांनी मीठ जिभेला लागलं, पोरी. साक्षीदारही माणूस असतो.”

बायको तोंडाला टोपी लावून हसत होती की रडत होती, ते सरांना कळेना. डबा तिनं स्वतःच्या पर्समध्ये घातला आणि चेन ओढली.

सासरे उठले. बॅग उघडून त्यांनी वरचा शर्ट काढला, झटकला आणि कपाटात हँगरला लावला. मग दुसरा.

“बाबा, हे काय? उद्या सकाळची गाडी आहे ना?” सर म्हणाले.

“दवाखान्यातून येताना रस्ताभर तुम्ही मला शिकवलंत ना, जावईबापू? मीठ जिथे जास्त, तिथे पाणी जातं.”

“अहो, तो नियम पाण्याचा आहे.”

“माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त तेच असतं,” सासरे म्हणाले आणि तिसरा शर्ट कपाटात लावला.