सत्तर टक्के दार

आमच्या बाथरूमचं लाकडी दार खालून वीतभर कुजलं, तेव्हा बायको म्हणाली, "बाबांना बोलावते. ते एका दिवसात नवीन करून देतील."

तिचे बाबा म्हणजे माझे सासरे सुतार आहेत. हात असा सरळ की त्यांनी मारलेली रेघ पाहून पट्टीने मान खाली घालावी. पण मी म्हणालो, "नको. मी आमच्या कारखान्यातलं दार आणतो."

(माझं आयुष्य ज्या वाक्यांनी बिघडलं, त्यांत याचा नंबर बराच वर आहे.)

आमच्या कारखान्यात लाकडाचा भुसा आणि पिकं काढल्यावर उरणाऱ्या काड्यांचे तंतू वाळवतात, वितळलेल्या प्लास्टिकमध्ये कालवतात आणि त्याच्या फळ्या, दारं करतात. याला कंपोझिट म्हणतात. मी तिथे खरेदी कारकून. प्रत्येक पोत्यातला भुसा कुठल्या लाकडाचा, ते लाकूड नियमाने लावलेल्या आणि नियमाने तोडलेल्या झाडांचं आहे का, याचे कागद मी सांभाळतो. थोडक्यात, मी झाडांची जन्मपत्रिका ठेवतो.

आमच्या इंजिनिअर साहेबांनी एक ट्रायलचं दार करून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मी मागितल्यावर ते म्हणाले, "न्या. पण यात सत्तर टक्के भुसा आहे, आणि कडाही सील केलेल्या नाहीत. कोरड्या जागी वापरा."

यातलं 'सत्तर टक्के' एवढंच माझ्या कानात शिरलं. घरी येऊन मी ते शेजारच्या काकूंनाही सांगितलं.

दार बसवायच्या दिवशी सासरे आले. त्यांनी दारावर बोटाने टकटक केलं.

"लाकूड कुठलं?"

"सगळं मिळून आहे, बाबा."

"म्हणजे कुठलंच नाही." मग चौकटीकडे बघून म्हणाले, "फुगायला दोन सूत, पाव इंच तरी जागा सोडा, जावईबापू."

"गरज नाही. मशीनचं माप आहे."

त्यांनी आपली पट्टी खिशात ठेवली. सासऱ्यांनी पट्टी खिशात ठेवली की मला उगाच ताप आल्यासारखं वाटतं.

तीन आठवडे बरे गेले. म्हणजे दार दिवसेंदिवस घट्ट होत होतं. बायको म्हणायची, "अहो, हे फुगतंय." मी म्हणायचो, "अगं, बसतंय ते. नवीन आहे ना."

मग कारखान्यात तपासणी ठरली. आमचा माल खरंच जबाबदारीने मिळवलेल्या लाकडाचा आहे की नाही, हे बघायला एक तपासनीस बाई येणार होत्या. त्या 'हो' म्हणाल्या तरच आमच्या फळ्यांवर तो हिरवा शिक्का राहणार, आणि शिक्का गेला तर निम्मं गिऱ्हाईक गेलं. मी फाइल लावायला घरी आणली होती. तपासणीच्या सकाळी घरात गलका, म्हणून उत्तरं पाठ करायला फाइल घेऊन बाथरूममध्ये गेलो आणि दार खांद्याने रेटून लावलं.

ते उघडलंच नाही. आधी मी हळूच ओढलं, मग जोरात, मग एक पाय भिंतीला लावून. कडी हातात आली.

"अगं ए!"

"काय झालं?"

"दार बसलं."

"बसतंय म्हणत होतात ना!" असं म्हणून तिने आधी तिच्या बाबांना फोन केला. तेवढ्यात बाहेर राहिलेला माझा फोन वाजला. इंजिनिअर साहेब होते.

"ते आत आहेत," बायको म्हणाली.

"कशाच्या आत?"

"तुमच्या दाराच्या."

बाईंना दुपारी दुसरीकडे जायचं होतं आणि फाइल माझ्याजवळ, त्यामुळे अर्ध्या तासात तपासणीच आमच्या घरी आली. साहेबांनी दाराला खांदा लावला. तेवढ्यात आलेले सासरे ओरडले, "थांबा! चौकट फुटेल." त्यांनी गिरमिटाने दाराला अंगठ्याएवढं भोक पाडलं. मग मी एकेक कागद गुंडाळून त्या भोकातून बाहेर द्यायचा, बाईंनी तो उलगडायचा, आणि प्रश्न आत सोडायचा. असं सव्वीस कागद चाललं. (पादत्राणांच्या दुकानाची एक पावती चुकून गेली. तीही त्यांनी वाचली.)

भोकातून बारीक भुसा गळत होता. बाईंनी तो तळहातावर घेतला असावा, कारण त्यांनी एकदम विचारलं, "या दाराचा भुसा कुठल्या लॉटचा?"

मी फाइल मिटली. ट्रायलला दोन पोती भुसा लागणार होता. कागद असलेला माल यायला आठवडा होता आणि साहेब घाई करत होते. थाप मारायची तर आत मी आणि बादली, बाहेर मात्र माझी थाप ओळखणारे.

"सासऱ्यांच्या कामाच्या जागेतून आणला," मी म्हणालो. "कुंड्यांना हवा म्हणून मागितला. त्याला कागद नाही."

बाहेर साहेबांनी घसा खाकरला. मग सासऱ्यांचा आवाज आला, "म्हणजे हे दार माझ्याच भुशाचं आहे?"

"सत्तर टक्के," मी म्हणालो.

"कागद नाही असं कोण म्हणतं?" त्यांनी खिशातून वही काढली, हे मला बायकोने नंतर सांगितलं. कुणाचं कुठलं जुनं सामान कापलं, ते त्यांनी तारखेवार लिहिलेलं होतं. डॉक्टरांचं टेबल. मास्तरांचं कपाट. शिंपीणबाईंचा पलंग, एक पाय आधीच बदललेला. बाईंनी ती वही माझ्या फाइलपेक्षा जास्त वेळ पाहिली.

"जुन्या लाकडाचा पुन्हा वापर आम्हाला चालतो," त्या म्हणाल्या. "नोंद हवी. ही नोंद चांगली आहे. ट्रायलचं दार विकलेलं नाही, म्हणून शिक्का राहील. पण हे लपवणं वाईट होतं."

"होय, मॅडम," मी भोकातून म्हणालो. एवढं मनापासून मी समोरासमोरही कधी बोललो नव्हतो.

मग सासऱ्यांनी करवत घातली. मधला तुकडा निघाला आणि मी चौकटीतून रांगत बाहेर आलो, सरळ बाईंच्या बुटांपाशी. साहेब कापलेली कड बघत होते. आत बारीक बुडबुडे होते.

"भुसा ओला होता," ते म्हणाले. "ओलावा मोजला होता का?"

"अंदाजाने," मी म्हणालो.

सासऱ्यांनी मला हात देऊन उठवलं आणि हळूच म्हणाले, "खरं सांगून मागितला असतात तर वाळवून दिला असता." त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आता जुन्या लाकडाचा भुसा कारखान्याला तेच पुरवतात, वहीच्या पानासकट.

पंधरा दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. शिक्का कायम. खाली एकच सूचना होती : 'खरेदी कारकुनास हवेशीर जागी बसवावे.' मी साहेबांना म्हणालो, हे वाक्य तेवढं काढून घ्या. ते म्हणाले, अंमलबजावणी झालीसुद्धा. माझं टेबल आता उघड्या शेडमध्ये आहे. तिथे वारा इतका, की कागद धरायला माझे दोन्ही हात लागतात आणि सही करायला वॉचमनला बोलवावं लागतं.