ओशच्या बागेतलं पहिलं फळ

"बाबा, अंगणाचं काय करायचं ते आम्ही मुलांनी ठरवलं, तर तुमची गाडी रुसेल का?"

प्रश्न विचारला आणि झिलोलाने हळूच दाराकडे पाहिलं. दारामागे तिच्या मैत्रिणी सेवारा आणि फेरुझा तोंडावर रुमाल दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच होती. 'नुसतं विचारू नकोस, पाहुण्यांसमोर विचारून दाखव!' कारण उझबेकिस्तानातल्या मर्गिलान शहरात पाहुण्यांसमोर 'नाही' म्हणायची सोय कोणालाच नाही. एरवी गर्जना करणारा माणूससुद्धा पाहुणा दिसला की मधासारखा पाघळतो.

झिलोलाच्या बाबांचा, तुर्सुनअलींचा, चहाचा पेला ओठांपाशीच अडकला. समोर दोन काका बसले होते.

भानगड अशी होती. अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली मातीचा एक तुकडा होता. त्याच्यावर सिमेंट ओतून आपल्या पांढऱ्या गाडीला ऐसपैस जागा करायची, असं बाबांनी ठरवलं होतं. ती गाडी ते सकाळी धुवायचे, दुपारी पुसायचे आणि संध्याकाळी तिच्याकडे नुसते बघत बसायचे. आई एकदा म्हणालीच, "अहो, लग्नात माझ्याकडे तरी असं बघितलं होतंत का?"

"मुलांनी म्हणजे नक्की कोणी?" बाबांनी फार गोड आवाजात विचारलं. हा आवाज धोक्याचा असतो.

"अस्रोर, मुनिसा आणि बोतिर. मी फक्त मार्गदर्शन करणार!"

काका खो खो हसले. अस्रोर म्हणजे झिलोलाचा भाऊ, वय पाच. मुनिसा शेजारची, वय सहा, पण रुबाब सासूचा. आणि बोतिर हा चुलतभाऊ, चार वर्षांचा, कायम एकाच पायात चप्पल. दुसरी चप्पल कुठे असते, हे शोधायचा नाद सगळ्यांनी सोडला होता.

"ठरलं!" बाबा म्हणाले. "सोमवारी सिमेंटवाला येतोय. रविवारी दुपारपर्यंत या तिन्ही विद्वानांचं एकमत करून बाग लावून दाखव. सिमेंट रद्द. नाही जमलं तर सोमवारी गाडी आत!"

"त्यात काय, बाबा! मुलांचं फक्त ऐकून घ्यायचं असतं!"

शाळेत नुकत्याच एक बाई भाषण देऊन गेल्या होत्या. लहान मुलांना प्रत्येक निर्णयात सामील करून घ्या, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून झिलोलाला वाटायला लागलं होतं की जगातल्या सगळ्या अडचणी तिच्याचसाठी थांबून राहिल्या आहेत. पंधरा वर्षांत तिने स्वतः कोणाचं काही ऐकून घेतलं नव्हतं, ही बाब तशी किरकोळ!

शनिवारी सकाळी अंगणातल्या बसायच्या लाकडी तख्तावर समितीची बैठक भरली.

"तर मग," झिलोला भाषणवाल्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "आपल्या बागेत काय लावायचं? घाबरायचं नाही. कुठलंच उत्तर चुकीचं नसतं!"

"मेंढी," बोतिर म्हणाला.

काही उत्तरं चुकीची असतात, हा शोध झिलोलाला तिथल्या तिथे लागला.

"अरे सोन्या, मेंढी कशी लावणार?"

"शेपटी मातीत. डोकं वर," बोतिरने समजावून सांगितलं. इतकी साधी गोष्ट झिलोला आपाला, म्हणजे ताईला, कळू नये, याचं त्याला वाईट वाटलं.

"मला सगळं लाल हवं," मुनिसाने हुकूम सोडला. "लाल गुलाब, लाल टोमॅटो, लाल कुंपण. आणि अस्रोरला आत यायची बंदी."

"मला कलिंगडाचं झाड!" अस्रोर ओरडला. "उंच! खाली बसणाऱ्याच्या डोक्यावर कलिंगड पडलं पाहिजे!"

"कोणाच्या डोक्यावर?"

"मुनिसाच्या!"

पुढचा बराच वेळ समितीने केस ओढण्यात घालवला. झिलोला मध्ये पडली, तर तिचेही ओढले गेले. सामील करून घेणं यालाच म्हणत असावेत!

तेवढ्यात आतून आईची हाक आली, "चला रे, ओश झाला!"

जादू झाली! तिघांनी एकमेकांचे केस सोडले आणि स्वयंपाकघराकडे धूम ठोकली. काही क्षणांत एकाच ताटातून, खांद्याला खांदा लावून, तिघंही ओश, म्हणजे भात, गाजर आणि मटणाचा पुलाव, चापत होते. झिलोलाचा घास हातातच राहिला.

"ओशची बाग!" ती किंचाळली. "ओशमध्ये जे जे पडतं ते सगळं लावायचं! पिवळी गाजरं, कांदा, लसूण, जिरं, चणे!"

"लाल कुठंय?" मुनिसाने विचारलं.

"झिरिश्क! ती आंबट लाल बोरं! सगळी तुझी!"

"आणि मला?" अस्रोर.

"भात! भाताला चिखल लागतो. तुला रोज चिखल!"

अस्रोरचा चेहरा असा उजळला, की कलिंगड त्याच्या डोक्यातून कायमचं गेलं.

"मेंढी?" बोतिर.

"मेंढी पाहुणी म्हणून येईल."

बोतिरने मोठ्या मनाने मान डोलावली. एकमत! झिलोलाने खिडकीतून बाबांना हात हलवून दाखवला. बाबा गाडीचे आरसे पुसत होते. त्यांनी ऐकू न आल्याचं नाटक केलं.

आता बी-बियाणं आणि रोपं हवी होती. ती मोहल्ल्यात मागायची, आणि तीही मुलांनीच. त्या बाईंनी सांगितलंच होतं, मुलांना जबाबदारी द्या! पण शिष्टमंडळ कसं दिसायला हवं? रुबाबदार! आई बाजारात गेली होती, म्हणून झिलोलाने स्वतःच कपड्यांची पेटी उघडली. थोरल्या चुलतभावाचा जरीचा झगा तिने अस्रोरला घातला, डोक्यावर भरतकामाची टोपी चढवली आणि हातात तांब्याचं तबक दिलं. अस्रोर छोट्या अमीरासारखा दिसायला लागला. मग तिने मुनिसाकडून वाक्य पाठ करून घेतलं: 'उद्या सकाळी आमच्या अंगणात ओशची बाग लावायची आहे. घरात गाजराचं बी, कांद्या-लसणाची रोपं असतील तर द्या, आणि लावायला तुम्हीही या.'

वाक्य सुंदर होतं. पहिल्या फाटकापर्यंत ते टिकलंही. दुसऱ्या फाटकात मुनिसाला शिंक आली. तिसऱ्या फाटकापासून अस्रोरने कारभार हाती घेतला आणि वाक्याला आपल्या सोयीने कात्री लावली: "उद्या सकाळी. आमच्या अंगणात. ओश. तुम्ही पण या. गाजर आणा."

आता एक सांगायला हवं. मर्गिलानमध्ये दिवस कलताना जरीचा झगा घातलेला छोटा मुलगा फाटकात येतो आणि उद्या सकाळच्या ओशला बोलावतो, तेव्हा 'कशाबद्दल?' असं कोणी विचारत नाही. विचारायचं काय त्यात? ज्याच्या अंगावर झगा, त्याची सुंता!

"अगं बाई, एवढा मोठा झाला!" शेजारच्या ओयदिनखालाने अस्रोरचा मुका घेतला. "घाबरला नाहीस ना, वाघा?"

"मी कशालाच घाबरत नाही!" वाघ म्हणाला. कशाबद्दल चाललंय, याचा त्याला पत्ता नव्हता.

प्रत्येक घरातून त्याच्या खिशात मिठाई आणि अक्रोड पडले. बी मात्र कोणी दिलं नाही. सगळे म्हणाले, "उद्या येताना आणतो!" हे ऐकून झिलोलाला गहिवरून आलं. बघा! मुलांवर विश्वास टाकला की अख्खा मोहल्ला धावून येतो!

मोहल्ला खरंच धावून आला. रविवारी, सूर्य उगवायच्या आत!

पहिला आवाज कर्नायचा. कर्नाय म्हणजे माणसापेक्षा लांब पितळी तुतारी. ती फाटकाशी वाजली आणि बाबा बनियनवरच अंगणात आले. दारात माणसांची रांग! सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, छातीवर हात, बगलेत नान.

"मुबारक असो, तुर्सुनअली!"

बाबांना मुबारक म्हणावं अशी घरात एकच गोष्ट होती. ते लाजले. "तुमची कृपा! पांढरा रंग लवकर मळतो, पण शोभून दिसतो."

शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बिचाऱ्याला आनंदाने काही सुचत नसेल, असं ठरवून ते तख्तावर जाऊन बसले.

मागोमाग हातगाडीवर भलीमोठी कढई घालून सोबिर आचारी आला. तो चहासारखा उकळत होता. "तुर्सुनअली! या मोहल्ल्यात ओश, आणि मला निरोप नाही? मी मेलो होतो का?" उत्तराची वाट न बघता त्याने जर्दाळूखालच्या मऊ मातीत फावडं मारलं आणि चूल खणली. त्याच्या चार पोरांनी आजूबाजूची माती पायांनी दाबून टणक केली. सिमेंटवाल्यालाही एवढी सफाई जमली नसती!

गाजरांच्या पिशव्या आल्या. कांदे आले. कुंड्यांतून लसणाची रोपं आली. ओयदिनखालाचा नवरा तर भेट म्हणून मेंढी घेऊन आला!

"आली!" बोतिर म्हणाला. त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही.

आचाऱ्याने मेंढीकडे कामाच्या नजरेने पाहिलं. बोतिरने तिच्या गळ्याला मिठी मारून असा सूर लावला की कर्नाय बंद पडला. मेंढी वाचली. मग मटणासाठी बाबांना पळावं लागलं. गाडीने! पांढऱ्या गाडीच्या पांढऱ्या सीटवर चरबीने निथळणारी मटणाची मांडी ठेवून ते परत आले, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

आणि त्याच वेळी फाटकातून नाझिर उस्ता आत शिरला. हातात छोटी काळी पेटी. "कुठंय आपला वाघ?"

"हे कोण?" वाघाने मुनिसाला विचारलं.

मुनिसाला दोन थोरले भाऊ होते. तिला सगळं माहीत होतं. तिने काही हातचं न राखता, सगळं सांगितलं.

पुढच्या क्षणी जरीचा झगा सरसर जर्दाळूवर चढला! बहर आलेलं झाड गदागदा हललं आणि पाकळ्यांचा बर्फ कढईत, चहात, पाहुण्यांच्या टोप्यांवर पडला.

"झिलोला," आई अगदी हळू म्हणाली. "इकडे ये."

झिलोलाने आई-बाबांना कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. झगा, तबक, वाक्य. बाबांच्या कपाळावरची शीर टकटक उडायला लागली.

"म्हणजे हे सगळे माझ्या मुलाच्या सुंतेला आलेत? आणि मीच बोलावलंय?"

"बाबा, मुलं जरा... जास्तच सामील झाली."

"मग जा! सांग त्यांना घरी जायला!"

सांगता येणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मागून कोणीतरी खाकरलं. बाबा गर्रकन वळले, छातीवर हात ठेवला आणि मध गाळत म्हणाले, "या, या! बसा ना! चहा घेतलात?"

झाडावरून अस्रोर ओरडत होता, "मी खाली येणार नाही! मी इथेच मोठा होणार! लग्नपण इथेच करणार!" ओरडता ओरडता त्याला रडू फुटलं. खरंखुरं, नाक वाहणारं रडू. झिलोलाने वर पाहिलं. झगा तिनेच चढवला होता त्याला!

ती तख्तावर चढली. "ऐका सगळे! आज सुंता नाही! आज फक्त बाग लावायची होती! ती मुलांनी ठरवली होती! गोंधळ सगळा माझा आहे! अस्रोरचा काही दोष नाही!"

कर्नायवाल्याच्या गालातली हवा फुस्स करून निघून गेली. नाझिर उस्ताने पेटी छातीशी धरली, जणू तिचाच अपमान झाला होता. तख्तावर सगळ्यात वर बसलेल्या इस्मतबोबोंनी, मोहल्ल्याच्या सगळ्यात थोरल्या आजोबांनी, पांढरी दाढी कुरवाळली.

"बरं. मग बाग कुठंय?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. गाजरं कढईत होती. कांदे कढईत होते. लसणाची रोपं कुंड्यांसकट... नाही, कुंड्या तेवढ्या उरल्या होत्या.

"मला काय माहीत लावायचे होते?" सोबिर आचारी झारा हलवत म्हणाला. "मी सोलले!"

लावायच्या आधीच बाग शिजली होती. आणि वास तर असा सुटला होता की रागवायचं कोणाला सुचेना!

बाबांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. दुपार झाली, बाग नाही, सोमवारी सिमेंट! ते तोंड उघडणार, इतक्यात बोबोंनी विचारलं, "तुर्सुनअली, या मातीत मुलांची बाग होणार ना?"

अख्खा मोहल्ला बाबांकडे बघत होता. पाहुणे! सगळेच्या सगळे पाहुणे!

"हो, बोबो," बाबा म्हणाले. सिमेंट त्यांच्या घशातच घट्ट झालं. "इथेच होणार."

बोबोंनी दुआसाठी हात वर केले. सगळ्यांनी केले. "मुलं या मातीत जे लावतील ते फळो! आणि बागेतलं पहिलं फळ हातात येईल, त्या दिवशी आपण सगळे पुन्हा इथे जमू, आणि या वाघाच्या सुंतेची खरी मेजवानी खाऊ. आमीन!"

"आमीन!" सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. झालं! अशी दुआ मोडायची हिंमत बाबांत नव्हती, आणि सिमेंटवाल्यात तर नव्हतीच. मग सगळ्यांनी आडवा हात मारून ओश खाल्ला. नाझिर उस्ताने दोनदा वाढून घेतला, तेव्हा कुठे त्याचा राग गेला.

पाहुणे गेल्यावर अस्रोर खाली उतरला. त्याला अचानक बागकामाची विलक्षण गोडी लागली होती.

"आपा, गाजर किती दिवसांनी येतं?"

"उन्हाळ्यात."

"नको गाजर. कांदा?"

"तोही उन्हाळ्यातच."

"द्राक्षं?"

"दोन-तीन वर्षं लागतात."

अस्रोरने बराच वेळ विचार केला. एवढा विचार त्याने जन्मात कशाचाच केला नव्हता. "आपा, सगळ्यात हळू काय येतं?"

झिलोलाने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या फुगलेल्या खिशाकडे बघितलं. ती हसली आणि तिने सांगून टाकलं.

पुढच्या बैठकीला केस ओढले गेले नाहीत. अस्रोरने सगळी मिठाई मुनिसाला दिली, तेव्हा तिला लाल रंग सोडायला हरकत उरली नाही. बोतिरला मेंढीसाठी सावली कबूल झाली.

बाबा गाडीच्या सीटवरची चरबी घासत होते. आई परातींचा ढीग घासत होती. झिलोला दोघांच्या मधोमध उभी राहिली. तिच्या मागे समिती, आणि समितीच्या मागे मेंढी.

"आई, बाबा, आमचं एकमत झालंय," ती म्हणाली. "आमच्या बागेत एकच झाड लागणार. अक्रोडाचं. दहा वर्षं तरी फळ येत नाही म्हणतात. तेव्हा मेजवानीची तयारी सावकाश केलीत तरी चालेल!"