वरच्या मजल्यावरचं वजन

सर ऑनलाइन वर्गात मागणीचा नियम समजावून सांगत असताना त्यांच्या छतातून धप्प असा आवाज आला. पाठोपाठ तोच आवाज समोरच्या लॅपटॉपमधूनही आला. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना दोन आणि दोन चार जुळवायला वेळ लागतो, पण शेवटी जुळतात.

"म्हणजे वरच्या मजल्यावरचा राक्षस आपल्याच वर्गात आहे तर," सर म्हणाले.

वरच्या बिऱ्हाडातल्या थोरल्या लेकीने घाईघाईने माइक बंद केला. ती कॉलेजची वेटलिफ्टर. टाळेबंदी लागली तेव्हा लोकांनी घरात किराणा भरला, तिने बार आणि लोखंडी चकत्या भरल्या. हजेरी नसेल तर खेळायची परवानगी नाही, असं कॉलेज म्हणे. सराव नसेल तर संघात जागा नाही, असं कोच म्हणे. दोघांनाही सकाळचीच वेळ आवडायची, म्हणून ती कानात व्याख्यान घालून वजन उचलायची. 'खेळ आणि अभ्यास यांचा समतोल साधा' असं परिपत्रक कॉलेजने काढलं होतं. तो कसा साधायचा, ते बहुधा पुढच्या परिपत्रकात येणार होतं.

वर्ग संपताच सरांनी तिच्या आईला फोन केला. "ताई, मुलीने काय वाट्टेल ते उचलावं. ठेवताना मात्र जमिनीला कळता कामा नये."

अंतर्गत गुण सरांच्या हातात, त्यामुळे थोरली वजन अलगद ठेवायला शिकली. मांड्या पेटायच्या, दात आवळले जायचे, पण सरांचं व्याख्यान मोडायचं नाही. तरी अधूनमधून हात सुटायचाच.

अशात निवड चाचणी जाहीर झाली. ती व्हिडिओवर होणार होती, आणि यंदा संघात शिरायची तेवढीच एक संधी. अट एकच, चकत्या तपासायला घराबाहेरचा साक्षीदार हवा. इमारत सील झालेली, बाकीचे शेजारी दाराची फटसुद्धा उघडायला तयार नाहीत. उरले सर, आणि त्याच सकाळी ते वर्गाची ऑनलाइन तोंडी परीक्षा घेणार होते.

आई जिना उतरून लांबच उभी राहिली. "सर, दोन मिनिटं वर येता का? साक्षीला."

"माझी परीक्षा सुरू होतेय. तुमच्या मुलीचीही तीच आहे."

"तसं नाही, निवड झाली तर महिनाभर शिबिराला नेणार तिला. बारसुद्धा घेऊन जातील म्हणे."

सरांनी ताबडतोब मास्क चढवला आणि विद्यार्थ्यांना 'आलोच' म्हणून सांगितलं.

वर गेल्यावर कळलं की पडद्यावर इतर खेळाडूंची रांग आहे. दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. अखेर पंचबाईंनी चकत्या दाखवायला सांगितल्या. पहिली चकती सरांनी मोठ्या रुबाबात उचलली आणि तितक्याच वेगाने सोडली.

"अरे बापरे. खाली कुणी राहत नाही ना?"

"तुम्हीच राहता, सर," थोरली म्हणाली.

मग तिने बार उचलला. एका दमात डोक्यावर नेला आणि थांबली. पंचांची खूण येईपर्यंत खाली आणायची सोय नव्हती, आणि खूण काही येईना.

"चित्र अडकलंय वाटतं," पडद्यावरून पंचबाई म्हणाल्या. "मुलगी हलतच नाहीये."

"चित्र ठीक आहे हो," सर पुढे धावले. "मुलगीच हलत नाहीये. आधी खाली ठेवू द्या तिला, खाली माझं घर आहे."

खूण आली. थोरलीने सवयीने वजन अलगद टेकवलं.

"इतका ताबा मी आजवर पाहिला नाही," पंचबाई म्हणाल्या. "निवड पक्की. कुणी शिकवलं गं?"

"माझंच मार्गदर्शन," सर म्हणाले. शिबिराच्या आनंदात त्यांना कसलंच भान नव्हतं. ते आलं, आणि आल्याबरोबर त्यांच्यातला प्राध्यापक जागा झाला. "अभिनंदन. पण तोंडी परीक्षेला तू गैरहजर. मला शून्य द्यावं लागेल."

"नापास झाले तर कॉलेज खेळू देणार नाही, सर."

"नियम म्हणजे नियम. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, तू इथे होतीस."

थोरलीला रडू कोसळलं. इतक्या महिन्यांची मेहनत अशी पाण्यात गेलेली तिला बघवेना. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. कानाला लावायचा कंटाळा म्हणून तो कायम स्पीकरवर असायचा.

"मी प्राचार्य बोलतोय. तुमच्या परीक्षेत अर्धा तास बसलोय. वर्ग हजर आहे, परीक्षक नाही. लेखी खुलासा द्या, आणि तुम्ही कुठे होतात याचा साक्षीदार द्या. घरचा चालणार नाही."

फोन बंद झाला. सरांनी आधी आईकडे पाहिलं, मग थोरलीकडे. आई हसू दाबत, पदराने तोंड झाकून स्वयंपाकघरात निघून गेली.

थोरलीने डोळे पुसले. "देते की लिहून, सर. डोळ्यांनी पाहिलंय मी, तुम्ही इथे होतात. पण मी कुठे होते म्हणून लिहू?"

सरांनी बारकडे पाहिलं.

"नेटवर्क," ते म्हणाले. "या इमारतीतलं सगळ्यांचंच गेलं होतं. फेरपरीक्षा उद्या, तुझ्या सरावाची वेळ सोडून."