भामरे सरांचे प्रकार्य

आमच्या इमारतीतले आजोबा वारले, तेव्हा भामरे सर जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते आणि कोण किती वेळ रडले ते वहीत लिहीत होते. मी दबक्या आवाजात त्यांना आवरायला सांगितले. ते तितक्याच अदबीने म्हणाले, "आजोबा तर गेले. रडणं हे राहिलेल्यांसाठी असतं. त्याचं प्रकार्य आहे."

सर मूळचे सटाण्याकडचे. नाशिकच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवीत आणि गंगापूर रोडजवळच्या आमच्या इमारतीत, अंगणालगतच्या खोलीत एकटे राहत. समाज म्हणजे शरीर, त्यात एकही अवयव उगाच नसतो, आणि प्रत्येक गोष्ट समाज टिकवण्याचे जे काम करते ते तिचे प्रकार्य, हे त्यांचे शास्त्र. काही प्रकार्ये दिसतात. काही सुप्त असतात, करणाऱ्यालाही ठाऊक नसतात. सर या दुसऱ्या प्रकाराच्या मागे असत.

कुलकर्णी काकूंना त्यांनी एकदा नळावर विचारले, की सासूबाईंच्या कुरकुरीचे प्रकार्य काय. उत्तरही त्यांनीच दिले: त्या कुरकुरतात म्हणून तुम्ही आणि यजमान एका बाजूला आहात, थांबल्या तर अवघड होईल. काकूंनी आठवडाभर दार लावून घेतले. राग अपमानाचा नव्हता. ते खरे होते, याचा होता. मी सरकारी कचेरीत कारकून. मला सर इमारतीचे यकृत म्हणत. "सगळ्यांचं कडू तुमच्याकडे साठतं, आणि बाहेरून काही दिसत नाही."

मी हसलो होतो. आता तेवढ्या सहजपणे हसता येत नाही.

दिवस आणीबाणीचे होते. माणसे बोलताना आधी मागे वळून पाहत. अशा काळात एक एकटा माणूस रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतो, वर पाहतो आणि लिहितो. काय लिहितो? कोणासाठी? "खबऱ्या" हा शब्द इमारतीत प्रथम मी उच्चारला, हे मी आजवर कोणाजवळ कबूल केलेले नाही.

मग पाळत सुरू झाली. त्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे कुलकर्ण्यांची वरची गॅलरी. अडचण इतकीच, की कुलकर्णी आणि तळमजल्यावरचे पगार तीन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. पगार देवळ्याचे, गावाहून आलेली कांद्याची पोती त्यांनी जिन्याखाली रचली होती, आणि त्या वासावरून सारे बिनसले होते. पण संशयाची बातमी पोटात ठेवणे कोणाला जमते? एका संध्याकाळी पगार स्वतःहून वर आले. "लय पोचलेला माणूस हे, काका," ते म्हणाले. "वही कधी उघडी ठेवत नाय." काकूंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. पुढे रोज सहाला बैठक भरू लागली. आठवड्याने कांद्याची एक पाटी वर गेली आणि वासाविषयी कोणी काही बोलले नाही.

शेवटी सरांना खोली सोडायला सांगावे असा अर्ज ठरला. मजकूर माझा, अक्षर माझे. आठही कुटुंबांनी सह्या केल्या. घरमालक सावध गृहस्थ. आधी सरांनाच दाखवा, म्हणाले. ते काम माझ्याकडे आले.

सरांनी मजकुरावरून नुसती नजर फिरवली. सह्यांपाशी मात्र ते थबकले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "कुलकर्ण्यांच्या खाली पगार," ते पुटपुटले. "एकाच कागदावर. चांगलं शे." गावाकडची बोली त्यांच्या तोंडून मी त्याच दिवशी ऐकली. मग त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. पानावर लिहिले होते: 'नवा भाडेकरू, म्हणजे मी. दिसणारे प्रकार्य: भाडे देणे. सुप्त प्रकार्य: संशय. परिणाम: दोन घरांत बोलणे सुरू. कांदे वर गेले.' तारीख पाहिली. चार महिन्यांपूर्वीची होती.

म्हणजे त्यांना सारे ठाऊक होते, आणि तरीही ते रोज खुर्ची टाकून बसत होते.

मी म्हणालो, आत्ता वर जाऊन सर्वांना खरे सांगतो. त्यांनी मान हलवली. "नका सांगू. सांगितलंत तर उद्या सहाला ती माणसं कशासाठी बसतील?"

मी सांगितले नाही. त्यांच्या विनंतीचा मान राखला, अशी मी स्वतःची अनेक वर्षे समजूत घातली. खरे म्हणजे अर्जाखाली माझीही सही होती, आणि मला भीती वाटत होती. ते गेल्यानंतर बैठक महिनाभर रेंगाळली. मग पोत्यांचा वास पुन्हा यायला लागला.

ते निघाले त्या संध्याकाळी पुस्तकांची ट्रंक टांग्यात चढली होती आणि वर गॅलरीत कपबशा वाजत होत्या. सर पायरीवर घुटमळले. खिशातली वही त्यांनी काढली नाही.

"एक विचारू?" ते म्हणाले. "काकू चहात आलं घालतात ना? खोलीपर्यंत वास यायचा."

मी "हो" म्हणालो. "घोटभर घेऊन जा," असे म्हणालो नाही.